भर उन्हात न वाचता येणारा ई-दुचाकीचा मीटर

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते. एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, बॅटरी किती वर्षे टिकते, अनुदान किती उरले, चार्जिंगची सोय कुठे आहे, या सगळ्याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र गाडी चालवताना ज्या एका वस्तूकडे आपण वारंवार पाहतो, त्या वस्तूबद्दल मला आजवर कुठे फारसे वाचायला मिळाले नाही. ही वस्तू म्हणजे हँडलच्या मधोमध बसवलेला पडदा. त्याला आपण सगळे अजूनही जुन्या सवयीने मीटरच म्हणतो. भर दुपारच्या उन्हात हा मीटर वाचता येत नाही, आणि ही किरकोळ गैरसोय समजून सोडून देण्याची बाब नव्हे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी नागपूरच्या पूर्व भागात, नंदनवनला राहतो आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेली सव्वीस वर्षे उपकरणांच्या देखभालीचे काम करतो. तापमान, दाब आणि प्रवाह दाखवणारे मीटर बसवणे, ते बरोबर दाखवतात की नाही हे तपासणे आणि चालवणाऱ्या माणसाला ते उभ्या जागेवरून स्पष्ट वाचता येतात की नाही हे पाहणे, हाच माझा व्यवसाय आहे. तीन वर्षांपूर्वी मी ई-स्कूटर घेतली. पेट्रोलची बचत खरोखरच होते, गाडी चालते उत्तम, आणि पुन्हा पेट्रोलच्या गाडीकडे वळण्याचा माझा विचार नाही. या गाड्या टिकाव्यात, वाढाव्यात असे मनापासून वाटते, म्हणूनच त्यांतला हा दोष उघडपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

माझ्या रोजच्या रस्त्याची दिशा अशी आहे की सकाळी कामावर जाताना मी पश्चिमेकडे जातो आणि संध्याकाळी घरी येताना पूर्वेकडे, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य माझ्या पाठीशी असतो. जुन्या गाडीवर हे माझे सुदैव होते, कारण डोळ्यांवर ऊन येत नसे. पडद्याच्या गाडीवर तेच सुदैव उलटले. खांद्यावरून आलेले ऊन थेट पडद्यावर पडते आणि तिथे आकड्यांऐवजी मला माझे हेल्मेट, माझा शर्ट आणि मागचे आकाश दिसते. सकाळ-संध्याकाळी निदान थोडे वाकून, खांदा पुढे करून सावली पाडता येते, पण दुपारी तोही मार्ग उरत नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील एक प्रसंग सांगतो. आदल्या रात्री आमच्याकडे वीज गेली होती, त्यामुळे चार्जिंग किती झाले याचा मला अंदाज नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास कारखान्याच्या आवारातून बुटीबोरीला जाण्यासाठी निघालो, तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या प्रतिबिंबातून पडद्यावर ८६ टक्के असे मला वाचता आले. प्रत्यक्षात ते ३६ होते. इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ यांच्यातला फरक डाव्या बाजूच्या दोन छोट्या रेघांचा असतो, आणि नेमका तोच भाग चकाकत होता. बुटीबोरीला गाडी तासभर उघड्यावर उभी राहिली. निघताना पडद्याच्या मधोमध एक काळपट डाग पसरलेला होता, तो वारा लागल्यावर हळूहळू विरला. बॅटरी कमी असल्याची सूचनाही त्याच पडद्यावर येते, त्यामुळे ती कधी आली हे मला कळलेच नाही. वर्धा मार्गावर जामठ्याच्या अलीकडे गाडीचा वेग आपोआप कमी झाला. शेजारून मालाचे ट्रक भरधाव जात असताना मी रस्त्याच्या कडेने सायकलच्या वेगाने जात होतो, आणि पुढे तर गाडी ढकलावी लागली. एका ढाब्यावाल्याने प्लग वापरू दिला, पाणी दिले आणि दोन तास खाटेवर बसू दिले, म्हणून मी त्या दिवशी घरी पोहोचलो. पारा त्या दिवशी चव्वेचाळीस अंशांवर होता.

यावर कोणी म्हणेल की चूक माझी होती, निघण्यापूर्वी सावलीत उभे राहून नीट पाहायला हवे होते. ते मला मान्य आहे, आणि आता मी तसेच करतो. परंतु जो मीटर वाचण्यासाठी सावली शोधावी लागते, तो रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाचा मीटर म्हणता येईल का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

पेट्रोलच्या गाडीत मीटर हा अनेक साक्षीदारांपैकी एक असे. इंजिनाच्या आवाजावरून वेग कळत असे, टाकी हलवून पाहिली की आत किती पेट्रोल आहे ते ऐकू येत असे, आणि अगदीच संपले तर मोटारसायकलची चावी रिझर्व्हवर फिरवून पंप गाठता येत असे. वेगाच्या मीटरवरचा आकडा तर आपण बहुधा वाचतच नव्हतो, काटा कुठवर झुकला आहे एवढे नजरेच्या कोपऱ्यातून दिसले तरी पुरे होत असे. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे आणि केशरी किंवा लाल काटा, वर पारदर्शक झाकण, इतकी साधी ती रचना होती. तिला स्वतःचा उजेड लागत नसे, ऊन जितके जास्त तितकी ती उजळत असे.

ई-दुचाकीत हे बाकीचे साक्षीदार नाहीत. गाडी जवळजवळ आवाज करत नाही, त्यामुळे तिचा वेग कानाला कळत नाही. बॅटरी हलवून पाहता येत नाही. इतकेच नव्हे, गाडी चालू आहे की बंद, मूठ पिळली तर ती पुढे जाईल की नाही, हेही पडद्यावरच्या एका छोट्या चिन्हावरून समजायचे असते. भाजीच्या दुकानासमोर गाडी चालू अवस्थेत उभी आहे, पुढे लहान मूल उभे आहे आणि त्याचा हात मुठीवर आहे, हे दृश्य आपल्याकडे रोजचे आहे. गाडी पुढे जाण्याच्या अवस्थेत आहे की मागे, साइड स्टँड लागला आहे की नाही, डावा-उजवा दिवा चालू राहिला आहे की बंद झाला, हे सारे अनेक गाड्यांत त्याच पडद्यावर असते. आमच्या कारखान्यातील एक भगिनी उजव्या बाजूचा दिवा बंद करायला विसरल्या, पडद्यावरचा हिरवा बाण उन्हात दिसला नाही, आणि मागून येणारा टेम्पो त्या वळतील असे समजून डावीकडून घुसला. थोडक्यात निभावले. मुख्य मुद्दा इथे आहे. जी माहिती पूर्वी कान, हात आणि डोळे यांच्यात वाटलेली होती ती आता सगळी एका पडद्यावर आली आहे, तेव्हा त्या पडद्याने उन्हात डोळे मिटून चालणार नाही.

पडदा उन्हात का दिसत नाही, हे थोडे आकडे मांडून सांगतो, कारण पडदा फिका आहे, त्याचा उजेड वाढवा, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि ती अर्धीच बरोबर आहे.

एखाद्या जागेवर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. चांगल्या प्रकाशाच्या दुकानात तो पाचशे लक्सच्या आसपास असतो, तर उन्हाळ्यात भर दुपारी मोकळ्यावर एक लाखाच्या घरात जातो, म्हणजे दोनशे पट. पडद्याची स्वतःची चमक निट या एककात मोजतात. चारशे निटचा पडदा आपण उदाहरणासाठी घेऊ, घरात तो भरपूर उजळ वाटतो. आता पडद्याच्या वर संरक्षक झाकण असते, आणि हवा व काच किंवा हवा व पारदर्शक प्लास्टिक जिथे एकमेकांना भेटतात, तिथे समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या बांधणीत झाकण आणि पडदा यांच्यात हवेची पातळ फट असते. त्यामुळे झाकणाची वरची बाजू, झाकणाची खालची बाजू आणि पडद्याचा पृष्ठभाग अशा तीन जागी मिळून सुमारे १२ टक्के प्रकाश चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो.

मे महिन्यातले धुळकट, पांढुरके आकाश १०,००० निट चमकीचे धरले, तर त्याचे प्रतिबिंब या पडद्यात १,२०० निटचे होते. ते पांढऱ्या आकड्यावरही पडते आणि काळ्या पार्श्वभूमीवरही पडते. म्हणजे आकडा १,६०० निटचा आणि पार्श्वभूमी १,२०० निटची, त्यांचे गुणोत्तर जेमतेम १.३. तोच पडदा दुकानात, शंभर निट चमकीच्या छताखाली, ३४ चे गुणोत्तर देतो. संगणकावरील मजकूर कमी दृष्टीच्या वाचकांनाही वाचता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हे गुणोत्तर किमान ४.५ असावे असे म्हटले आहे, आणि तिथे वाचणारा माणूस खुर्चीवर स्थिर बसलेला असतो.

आता उपाय म्हणून पडद्याचा उजेड वाढवून तो एक हजार निट केला, तर गुणोत्तर १.८ होते. बॅटरीवरचा आणि उष्णतेचा भार वाढतो तो वेगळाच. त्याऐवजी चारशे निटचाच पडदा ठेवून झाकण आणि पडदा यांच्यातली हवेची फट पारदर्शक चिकट द्रव्याने भरून टाकली, ज्याला या धंद्यात ऑप्टिकल बॉन्डिंग म्हणतात, तर तीनपैकी दोन परावर्तने जवळजवळ नाहीशी होतात, प्रतिबिंब चारशे निटवर येते आणि गुणोत्तर २ होते. वर परावर्तन कमी करणारा लेप देऊन ते १ टक्क्यावर आणले, तर त्याच चारशे निटमध्ये गुणोत्तर ५ पर्यंत जाते. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक पडद्याची आतली रचना वेगळी असते, तरीही त्यातून निघणारी दिशा पक्की आहे. भर उन्हात सूर्याशी उजेडाची स्पर्धा करून पडदा जिंकत नाही, परत फिरणारे ऊन अडवले तर मात्र तो वाचता येतो. आमच्या क्षेत्रात उघड्यावर बसवायच्या मीटरवर पत्र्याची टोपी घालतात ती याच कारणासाठी. स्कूटरच्या मीटरवरही दोन बोटे पुढे आलेली अशी झापड असू शकते, पूर्वीच्या काही गाड्यांना ती होतीही, पण पडदा मोठा आणि सपाट दिसावा या हौसेपायी ती आता नाहीशी झाली आहे.

नागपूरकरांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे सिमेंटचे रस्ते. जुना डांबरी रस्ता पडणाऱ्या उजेडातला फार थोडा भाग परत फेकतो, सिमेंटचा रस्ता मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. दुपारी या रस्त्यावर नजर ठेवून चालणाऱ्या माणसाच्या बाहुल्या आक्रसलेल्या असतात. तिथून नजर हातभर अंतरावरच्या काळ्या पडद्याकडे वळवली की डोळ्यांना आधी अंधार दिसतो आणि मग हळूहळू आकडे उमटतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला लांबचे सोडून जवळचे पाहायला मुळातच क्षणभर जास्त लागतो, आणि चष्मा असेल तर आणखी. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. पडद्यावरचा आकडा उलगडायला दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात २८ मीटर रस्ता न पाहता पार झालेला असतो. नुसत्या काट्याकडे पाहायला एवढा वेळ कधीच लागत नव्हता.

गॉगल घालणाऱ्यांसाठीही एक सूचना करतो. काही गॉगल पोलराइज्ड काचांचे असतात, रस्त्यावरची आणि पाण्यावरची चकाकी ते फार चांगली कापतात. द्रवस्फटिकाच्या पडद्यातून, म्हणजे ज्याला आपण एलसीडी म्हणतो त्यातून, बाहेर येणारा प्रकाशही एकाच दिशेने कंप पावणारा असतो. या दोन दिशा एकमेकींना आडव्या आल्या, तर पडदा पूर्ण काळा दिसतो. माझ्या एका मित्राने याच कारणासाठी पडदा बिघडला म्हणून दोनदा तक्रार नोंदवली. मान तिरकी करून पाहिली आणि पडदा उजळला, तर दोष गॉगलच्या आणि पडद्याच्या जुळणीत आहे असे समजावे. पडद्याच्या बांधणीतच हा कोन असा ठेवता येतो की गॉगलधाऱ्यालाही सरळ मानेने वाचता यावे, आणि ज्या प्रदेशात उन्हाळ्याचे चार महिने लोक गॉगलशिवाय बाहेर पडत नाहीत तिथे ही अपेक्षा अवास्तव नाही.

बुटीबोरीत माझ्या पडद्यावर पडलेला काळा डागही याच द्रवस्फटिकांचा होता. ठरावीक तापमानापर्यंत हे स्फटिक एका शिस्तीत उभे राहून प्रकाश सोडतात किंवा अडवतात. तापमान त्यापलीकडे गेले की ती शिस्त मोडते आणि तेवढा भाग काम करेनासा होतो. थंड झाल्यावर तो पूर्ववत होतो. शिवाय अशी उपकरणे फार तापली की स्वतःला वाचवण्यासाठी मागच्या दिव्याचा उजेड कमी करतात, हे आपण मोबाइलवरही पाहतो. म्हणजे ज्या वेळी उजेडाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी पडदा मंदावतो. उघड्यावर तासभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पडदा कसा दिसतो हे तपासल्याशिवाय उन्हातल्या वाचनीयतेची चाचणी पूर्ण होऊ शकत नाही.

माझ्या मुलाकडे पायडल मारायची, मोटरची मदत घेणारी ई-सायकल आहे. तिच्या हँडलवर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, राखाडी पार्श्वभूमीवर काळे आकडे दाखवणारा पडदा आहे. त्याला रंग नाहीत, नकाशा नाही, गाणे कोणते चालू आहे हे तो सांगत नाही. पण भर दुपारी, मे महिन्यात, गॉगल न काढता त्यावरचा वेग आणि बॅटरी मला हातभर अंतरावरून लख्ख वाचता येते, कारण मनगटावरच्या साध्या डिजिटल घड्याळाप्रमाणे तो पडलेले ऊनच परत वापरतो. रात्री त्याच्या मागे एक मंद दिवा लागतो, तेवढा पुरतो. दुपारी त्या सायकलजवळ उभा राहिलो की मला माझ्या महागड्या गाडीचे वाईट वाटते. रंगीत पडदा ठेवूनही वेग, बॅटरीची टक्केवारी आणि गाडी चालू असल्याची खूण या तीन गोष्टींसाठी असा एक छोटा, उन्हावर चालणारा पडदा शेजारी देता येईल. दिशादर्शक बाणांसाठी आणि बॅटरी कमी असल्याच्या सूचनेसाठी स्वतंत्र दिवे देता येतील. यात नवे संशोधन काहीच लागत नाही.

काही सुधारणांना तर पैसाही लागत नाही. अनेक गाड्यांचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून बदलता येते. दिवसा पांढरी पार्श्वभूमी आणि काळे, जाड, मोठे आकडे दाखवले, तर प्रतिबिंब बऱ्याच अंशी त्या पांढऱ्यात मिसळून जाते आणि आकडा टिकून राहतो. याउलट काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी, बारीक, नाजूक अक्षरे, हे आजकालचे आवडते रूप उन्हात सर्वात आधी नाहीसे होते. वेगाचा आकडा मोठा असतो हे खरे, परंतु बॅटरीची टक्केवारी कोपऱ्यात, बोटाच्या नखाएवढी असते. ज्या वाहनात इंधन भरायला काही मिनिटांऐवजी काही तास लागतात, त्यात हा आकडा वेगाइतकाच मोठा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी घेताना मी हे का पाहिले नाही, असे मला घरच्यांनीही विचारले. गाडी मी वातानुकूलित शोरूममध्ये पाहिली, फेरी मारली ती संध्याकाळी साडेसहाला. पडदा त्या वेळी अतिशय सुंदर दिसत होता. नंतर तक्रार घेऊन गेलो, तेव्हा सर्व्हिस सेंटरमधला मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला, "काका, उन्हात असंच राहते सगळ्यांचं." तो खोटे बोलत नव्हता आणि त्याचा दोषही नव्हता. त्याच्याकडे भरून घ्यायच्या तक्रारींच्या यादीत पडदा बंद पडणे होते, पडद्यावर रेघा येणे होते, उन्हात न दिसणे नव्हते. मी चाळलेल्या माहितीपत्रकांत पडदा किती इंचांचा आहे, तो बोटाने चालतो की नाही, पाण्यापासून त्याला किती संरक्षण आहे, हे सगळे ठळक अक्षरांत होते. तो किती निटचा आहे, त्यावर परावर्तनरोधक लेप आहे का आणि किती उजेडात तो वाचता येतो, याचा एका ओळीचाही उल्लेख मला सापडला नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११७ नुसार वाहनाला चालकास वेग कळेल असा वेगदर्शक असणे बंधनकारक आहे. वेगमर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली दंड होतो, आणि तो योग्यच आहे. पण वेग सांगणारे साधन दुपारी बारा ते चार मुके होत असेल, तर चालकाने वेग पाळायचा कशाच्या आधारावर? वेगदर्शकांसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीत वेगाचा आकडा चालकाच्या थेट नजरेच्या टप्प्यात असावा आणि दिवसा व रात्री दोन्ही वेळा स्पष्ट वाचता यावा, अशी अट आहे. मोटारींतील पडद्यांच्या वाचनीयतेसाठी आयएसओ १५००८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात रात्र, संधिप्रकाश, दिवसाचा पसरलेला उजेड आणि थेट ऊन अशा वेगवेगळ्या परिस्थितींचा विचार केलेला आहे. म्हणजे ही गोष्ट मोजता येते आणि ती कशी मोजायची हेही ठरलेले आहे. वातानुकूलित मोटारीत, छताच्या सावलीत बसणाऱ्या चालकासाठी हा विचार होतो, मग उघड्या आकाशाखाली बसणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तो अधिक काटेकोरपणे व्हायला हवा.

आपल्याकडे मानके वेळप्रसंगी बदलतात, हेही आपण पाहिले आहे. २०२२ मध्ये ई-दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेसंबंधीच्या एआयएस-१५६ या मानकात सुधारणा झाल्या आणि त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्या कामात १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा मोठा वाटा असतो. तिच्याकडे चाचणीची साधने आहेत, अनुभव आहे, आणि संस्था आपल्याच राज्यात आहे. आग दिसते, तिचे चित्रीकरण सर्वदूर जाते, म्हणून तिच्याबाबत हालचाल लवकर होते. मीटर न दिसल्याने झालेला अपघात मात्र कागदावर 'चालकाचे दुर्लक्ष' या रकान्यात जमा होण्याचीच शक्यता अधिक, आणि म्हणून त्याची वाट पाहू नये.

यात सर्वाधिक भरडले जाणारे लोक मी नाही. खाद्यपदार्थ आणि पार्सल पोहोचवणारी मुले दिवसभर उन्हात ई-दुचाकीवर असतात. त्यांतील अनेकांकडे २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची गाडी असते. अशी गाडी कायद्याने मोटार वाहनच ठरत नाही, त्यामुळे वर सांगितलेला वेगदर्शकाचा नियम तिला लागू होत नाही. उड्डाणपुलाखाली गाडी थांबवून, पडद्यावर दोन्ही तळव्यांची ओंजळ करून बॅटरी किती उरली हे पाहणारा मुलगा मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिली आहे, तेव्हा आता मागे प्रवासी बसवून दिवसभर अशी गाडी चालवणारेही वाढतील. त्या प्रवाशाच्या सुरक्षिततेचाही हा प्रश्न आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आणि मानके ठरवणाऱ्या समित्यांनी ई-दुचाकीच्या पडद्यासाठी थेट उन्हातली आणि उन्हात तापल्यानंतरची अशी दुहेरी वाचनीयता चाचणी लागू करावी. वेग, बॅटरी, इशारे आणि गाडी चालू असल्याची खूण यांना ती सक्तीची असावी, गाण्यांना आणि नकाशाला नसली तरी चालेल. कमी वेगाच्या, नोंदणी न लागणाऱ्या गाड्यांनाही ती लागू व्हावी. विजेवरच्या वाहनांना प्रोत्साहन देणारी केंद्र सरकारची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली. जनतेच्या पैशातून ज्या गाड्यांना प्रोत्साहन मिळते त्यांचा मीटर जनतेला वाचता यावा, एवढी अट अशा योजनेत घालणे अवघड नाही. उत्पादकांनी माहितीपत्रकात पडद्याची चमक आणि परावर्तनाची टक्केवारी छापावी. विक्रेत्यांनी ग्राहकाला दुपारी, उघड्यावर फेरी मारू द्यावी, आणि ग्राहकांनीही ती मागून घ्यावी. जाताना पांढरा शर्ट घालून, गॉगल लावून जावे, सूर्य पाठीशी घेऊन गाडी उभी करावी आणि सरळ बसून बॅटरीचा आकडा वाचून पाहावा. दहा मिनिटांचे काम आहे.

ज्यांनी गाडी आधीच घेतली आहे, त्यांच्यासाठी मी स्वतः जे केले ते सांगतो. काळ्या रबरी शीटची एक झापड कापून ती पडद्याच्या वरच्या कडेला, हँडल फिरताना अडणार नाही अशा बेताने बसवली, त्याने बराच फरक पडला. उन्हाळ्यात गडद रंगाचा शर्ट घालतो, कारण पडद्यात दिसणारी चकाकी बऱ्याच वेळा आपल्याच छातीवरची असते. धूळ कोरड्या फडक्याने पुसत नाही, झाकणावर बारीक ओरखडे पडले की प्रत्येक ओरखडा उन्हात चमकतो, म्हणून आधी पाणी आणि मग सुती ओले कापड. बाजारात मिळणारा चकाकी कमी करणारा मॅट कागद लावून पाहिला. सावलीत तो चांगला वाटला, पण थेट उन्हात त्याने सारा पडदाच पांढरट केला, म्हणून काढून टाकला. गाडी उभी करताना पडद्यावर जुना टॉवेल टाकतो. निघण्यापूर्वी बॅटरीचा आकडा सावलीत वाचून तो मनात ठेवतो आणि पुढे किलोमीटरच्या हिशेबाने चालतो, पडद्याच्या भरवशावर राहत नाही.

ही चाचणी कोणत्या उजेडात आणि कोणत्या उष्णतेत घ्यावी, असा प्रश्न तज्ज्ञांपुढे येईल, तेव्हा त्यांनी नागपूरचा विचार करावा. २६ मेच्या सुमारास इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, सिमेंटचे रस्ते आहेत आणि पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. कोणत्याही उत्पादकाच्या किंवा चाचणी संस्थेच्या अभियंत्यांना त्या दिवशी यायचे असेल, तर माझी गाडी, मुलाची ई-सायकल आणि आमच्या कारखान्यातील सहकाऱ्यांच्या आणखी सात-आठ वेगवेगळ्या ई-दुचाकी मी एका मोकळ्या जागेत ओळीने उभ्या करून देईन. माझा पत्ता संपादकांकडे दिलेला आहे.

आपला विश्वासू,
एक ई-दुचाकीचालक,
नंदनवन, नागपूर